सहा महिन्यांचे आसन : विकत की भाड्याने?

दवाखान्यात 'कॅप्सूल' हा शब्द मी दिवसातून अनेक वेळा उच्चारते. तरीही गेल्या वर्षी माझ्या कन्येने मेलबर्नहून दूरध्वनीवर विचारले, "आई, कॅप्सूल विकत घेऊ की भाड्याने आणू?" तेव्हा ती औषधाविषयी बोलत नाही, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. ऑस्ट्रेलियात नवजात बाळाला मोटारीतून नेण्यासाठी जे खोलगट, पट्टे असलेले आसन वापरतात, त्याला 'बेबी कॅप्सूल' म्हणतात. हे आसन मोटारीच्या मागच्या सीटवर बसवतात आणि त्यात बाळाचे तोंड मोटारीच्या मागच्या दिशेला असते. बहुतेक कॅप्सूल तळापासून सुट्या होतात व मूठ धरून बाळासह उचलता येतात. बाळ साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत ती पुरते; काही प्रकार वर्षभरही चालतात.

हा प्रश्न तरुण आईबापांचा आहे, आपला नव्हे, असे वाचकांतील ज्येष्ठांना वाटण्याचा संभव आहे. माझा अनुभव वेगळा आहे. साताऱ्यासारख्या गावातूनही लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणारी अनेक जोडपी माझ्याकडे येतात. सहा महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, विम्यासाठी प्रमाणपत्र, गुडघ्यांसाठी मलम अशी त्यांची यादी असते. जाताना नातवंडासाठी काय न्यावे, हा विषय मग ओघाने निघतोच. बाळाची पहिली मोठी वस्तू आपल्या पैशांतून व्हावी, ही इच्छा त्यात असते. शिवाय तिथे पोहोचल्यावर त्या आसनात बाळाला बसवण्याची वेळ आजीवर आणि आजोबांवर वारंवार येते. तेव्हा निर्णय मुलांचा असला, तरी तो समजून घेणे आपल्याही कर्तव्यात मोडते.

मांडी आणि मोटार

आमच्या घरी या विषयाला पहिला विरोध सासूबाईंचा झाला. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. "अगं, आम्ही चार मुले एस.टी.तून मांडीवर घेऊन हिंडवली. आजीच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती?" असे त्या म्हणाल्या. त्यांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. पाळण्यात रडणारे बाळ ज्या मांडीवर शांत होते, त्या मांडीवर विश्वास असणे स्वाभाविकच आहे. पण पदवीनंतरची पहिली काही वर्षे मी महामार्गालगतच्या एका गावी काढली आहेत. पुढच्या सीटवर मोठ्या माणसाच्या मांडीवर बसवलेली लेकरे अपघातानंतर कोणत्या अवस्थेत आणली जात, ते मी पाहिले आहे. त्यांना धरणाऱ्यांची माया किंवा ताकद कमी पडली होती, असे मुळीच नव्हते.

यामागचे गणित सोपे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोराचा हिसका बसतो. चार किलोचे बाळ त्या क्षणी छप्पन्न किलोंच्या ओझ्यासारखे हातांतून ओढले जाते. तेही सावध करून नव्हे, तर डोळ्यांचे पाते लवण्याच्या आत. छप्पन्न किलोंचे पोते दशांश सेकंदाच्या सूचनेवर धरून ठेवू शकेल, असे मनगट मी माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात पाहिलेले नाही. हाच वेग उंचीत मोजला, तर तो सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका होतो. काही जण मोटारीचा एकच पट्टा स्वतःभोवती आणि बाळाभोवती मिळून लावतात. ते तर अधिकच घातक आहे, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार मधल्या बाळावर येतो.

तोंड मागे का, याचे उत्तर बाळाच्या शरीरात आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. प्रौढ माणसात ते सातव्या-आठव्या हिश्शावर येते. हे जड डोके पेलणारे मानेचे स्नायू दुबळे असतात आणि मानेचे मणके अजून बरेचसे कूर्चेचेच असतात. समोरून धडक बसल्यावर तोंड पुढे असलेल्या बाळाचे डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल, तर पाठ, मान आणि डोके हे तिन्ही आसनाच्या पाठीत एकत्र दाबले जातात व जोर विभागला जातो. मी हे सासूबाईंना माझा तळवा आसनासारखा धरून, त्यावर लिंबू ठेवून दाखवले. त्या लगेच काही बोलल्या नाहीत; मात्र पुन्हा एस.टी.चा विषय त्यांनी काढला नाही.

ऑस्ट्रेलियातील कायदा काय सांगतो

ऑस्ट्रेलियात ही बाब आवडीनिवडीवर सोडलेली नाही. सहा महिन्यांखालील बाळाने मागे तोंड असलेल्या, मान्यताप्राप्त आसनातच प्रवास केला पाहिजे. सहा महिने ते चार वर्षे या वयात अंगचे पट्टे असलेले आसन लागते. त्याचे तोंड मागे किंवा पुढे चालते. पुढे सात वर्षांपर्यंत पट्ट्यांचे आसन किंवा बूस्टर आवश्यक असते. आसन 'एएस/एनझेडएस १७५४' या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाचे असावे लागते आणि तशी खूण त्यावर असते. तिथे आसनाचा वरचा एक पट्टा मोटारीतील ठरावीक खुंटीला अडकवावा लागतो. म्हणूनच भारतातून, अमेरिकेतून किंवा दुबईहून आणलेले आसन, ते कितीही महाग असले, तरी त्या मानकाचे नसेल तर तिथे वापरता येत नाही. नातवंडासाठी इथूनच घेऊन जाण्याचा विचार करणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे, म्हणजे सामानाचे वजन आणि पैसे दोन्ही वाचतील.

आणखी एक गोष्ट वेळेची. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये, असा रिवाज आहे. तिथे मात्र रुग्णालयातून घरी येणे हाच बाळाचा पहिला मोटारप्रवास असतो आणि तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतो. त्यानंतर वजन पाहणे, लसीकरण, आईची तपासणी यासाठी बाहेर पडावेच लागते. त्यामुळे डोहाळजेवण उरकले की कॅप्सूलचा निर्णय लावून धरावा आणि कळा सुरू होण्यापूर्वी काही आठवडे ती मोटारीत बसवून घ्यावी.

तीन वाटा

कन्येने विचारताना दोनच पर्याय सांगितले होते. वास्तविक ते तीन आहेत. पहिला, कॅप्सूल भाड्याने घ्यायची आणि सहा महिन्यांनी परत करायची. दुसरा, नवी कॅप्सूल विकत घ्यायची. तिसरा, कॅप्सूल वगळून जन्मापासून सुमारे चार वर्षांपर्यंत चालणारे, आधी मागे व नंतर पुढे तोंड करता येणारे मोठे आसन घ्यायचे. तिसरा पर्याय अनेकांच्या लक्षातच येत नाही. एकूण खर्चात तो बऱ्याचदा सर्वांत स्वस्त पडतो, कारण कॅप्सूल घेतली तरी सहा-बारा महिन्यांनी हे मोठे आसन घ्यावेच लागते.

मग कॅप्सूल घ्यावी तरी कशाला? तिचे दोन फायदे आहेत. लहानखुऱ्या बाळाला तिचा आकार अधिक नीट बसतो आणि झोपलेल्या बाळाला न उठवता मोटारीतून बाहेर काढता येते. आमच्या बाबतीत पहिला फायदा निर्णायक ठरला. शेवटच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसत होती. अडीच किलोंच्या आत वजन भरेल, असा अंदाज होता. एवढ्याशा जिवासाठी पट्टे अंगासरशी बसणे महत्त्वाचे, म्हणून कॅप्सूल हवीच, असे ठरले. पुढचा प्रश्न विकत की भाड्याने, एवढाच उरला.

विकत घेणे कोणाला सोयीचे? ज्यांना दोन-तीन वर्षांत दुसऱ्या बाळाचा विचार आहे, ज्यांच्याकडे मधल्या काळात ती कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवायला जागा आहे, त्यांना. तिथे सर्वसाधारण शिफारस अशी आहे की, निर्मितीच्या तारखेपासून दहा वर्षांनंतर आसन वापरू नये. म्हणजे एक कॅप्सूल दोन भावंडांना सहज पुरते. भाडे कोणाला सोयीचे? ज्यांचे घर लहान आहे, दुसऱ्या बाळाचे काही ठरलेले नाही, किंवा ज्यांना कॅप्सूल फक्त सहा महिनेच लागणार आहे, त्यांना. भाड्याचा हिशेब करताना मात्र नुसते भाडे धरू नये. अनामत रक्कम, बसवून देण्याचे शुल्क, बाळ लवकर मोठे झाल्यास मुदतीआधी परत करण्याची सोय आणि मुदत वाढवल्यास लागणारे पैसे, हे सगळे मिळवून मग नव्या कॅप्सूलच्या किमतीशी तुलना करावी. ऑस्ट्रेलियात भाड्याने देणारी दुकाने आहेत. 'किडसेफ' या बालसुरक्षेच्या संस्थेच्या काही राज्यांतील शाखाही ही सोय पुरवत आल्या आहेत.

"बाळाला भाड्याचे कशाला?"

हिशेब असा सरळ असला, तरी घरातली माणसे हिशेबाने चालत नाहीत. विहीणबाईंना भाड्याची कल्पना मुळीच रुचली नाही. "पहिलं नातवंड, आणि त्याला भाड्याची वस्तू? आम्ही घेऊन देतो ना नवी!" असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात मायेबरोबर थोडा मानाचाही भाग होता, आणि तो समजण्यासारखा होता. मी त्यांना आमच्या माहेरच्या पाळण्याची गोष्ट सांगितली. तो सागवानी पाळणा आमच्या घरी कमी आणि आळीत जास्त असे. ज्या घरी बारसे, त्या घरी तो जाई. एका घरून निघाला की दुसरीकडून निरोप आलेलाच असे. बाळाचे पहिले झबले तर मुद्दाम जुन्या, मऊ झालेल्या धोतराचे शिवले जाई. आपल्या बाळांचे आयुष्य उसन्या वस्तूंनी कधीही उणे झालेले नाही.

विहीणबाई हसल्या आणि त्यांचा सूर निवळला. पण त्याच आठवड्यात दुसरी अडचण उभी राहिली. मेलबर्नमधील एका मराठी परिचितांनी आपल्याकडची कॅप्सूल विनामूल्य देऊ केली. त्यांनी ती घासूनपुसून, छान पिशवीत घालून जावयांच्या हाती दिली. आसनावरील निर्मितीची तारीख पाहता ते आठ वर्षांपूर्वीचे होते. म्हणजे मुदतीत बसत होते. मात्र त्यांनी स्वतः ते कुणा अनोळखी कुटुंबाकडून वापरलेलेच घेतले होते. त्या पहिल्या कुटुंबाच्या मोटारीला कधी अपघात झाला होता का, हे त्यांना ठाऊक नव्हते. माहितीपुस्तिकाही नव्हती.

पाळणा आणि कॅप्सूल यांत नेमका फरक येथे आहे. पाळण्याची कडी झिजली, दोरी विरली, तर ती डोळ्यांना दिसते आणि हाताला जाणवते. माझी आजी बाळ ठेवण्यापूर्वी पाळण्याला स्वतः लोंबकळून पाहत असे. कॅप्सूलचे तसे नाही. जोराच्या अपघातात आसनाने एकदा धक्का झेलला, की त्याच्या कवचाला किंवा आतल्या फोमला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि वरचे कापड स्वच्छ, नवे दिसत राहते. म्हणून मध्यम किंवा तीव्र अपघातातून गेलेले आसन पुन्हा वापरू नये, असा सर्वत्र सल्ला दिला जातो. उन्हात वर्षानुवर्षे राहिल्याने प्लास्टिक ठिसूळ होते. पट्टे चुकीच्या रसायनाने धुतल्याने त्यांची ताकद घटते. यांपैकी काहीही वरून कळत नाही.

तेव्हा नवी की जुनी, विकत की भाड्याने, यापेक्षा त्या वस्तूचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक आहे का, हा प्रश्न आधी विचारावा, असे मी मुलांना सांगितले. रुग्ण तपासतानाही मी पूर्वीच्या आजारांची माहिती घेतल्याशिवाय औषध लिहीत नाही. येथेही तोच न्याय. सख्ख्या बहिणीने एका बाळासाठी वापरून नीट ठेवलेली, तारीख, पुस्तिका आणि सगळे सुटे भाग असलेली कॅप्सूल मी आनंदाने स्वीकारली असती. भाड्याने देणारी जबाबदार संस्था प्रत्येक वेळी आसन तपासते आणि त्याची नोंद ठेवते. तेथेही इतिहास ठाऊक असतो. विनामूल्य मिळालेल्या त्या कॅप्सूलचा मात्र अर्धा इतिहास कोरा होता.

नकार देणे सोपे नव्हते. परदेशात माणसे एकमेकांच्या आधाराने राहतात. उद्या रात्री-अपरात्री हेच परिचित धावून येणार असतात. मी कन्येला सुचवले की, त्यांच्या वस्तूला नाव ठेवू नकोस; सर्व दोष माझ्या माथी मार. "आईच्या डॉक्टरी शंका फार, तिने भाड्याचीच घ्यायला लावली," असे तिने त्यांना सांगितले. त्यांनी मनावर घेतले नाही. उलट काही दिवसांनी त्यांनी ती कॅप्सूल निकालात काढली आणि बाळासाठी लोकरीची शाल पाठवली. ज्येष्ठांनी मुलांसाठी करण्यासारखी ही एक छोटी सेवा आहे: अवघड नकाराचे ओझे आपल्या खांद्यावर घेणे.

भाड्याने घेताना

अखेर सहा महिन्यांसाठी कॅप्सूल भाड्याने घेतली. विहीणबाईंच्या पैशांतून सहाव्या महिन्यात लागणारे मोठे आसन घ्यायचे ठरले, आणि ते पुढे चार वर्षे उपयोगी पडणार असल्याने त्यांनाही समाधान वाटले. भाड्याने घेण्यापूर्वी जावयांनी दुकानदाराला विचारलेले प्रश्न मी वहीत उतरवून घेतले होते; माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी आता तेच सांगते. आसनाची निर्मितीची तारीख कोणती? त्यावर मानकाची खूण आहे का? मागील भाडेकरूंच्या काळात अपघात झालेला नाही, हे आपण कसे पडताळता? कापड आणि पट्टे कशाने धुता? उत्पादकाने तो नमुना परत मागवलेला नाही ना? आमच्या मोटारीत तो बसतो का, आणि तो प्रशिक्षित माणसाकडून बसवून मिळेल का? आमच्या काळात अपघात झाला तर काय करायचे? याची उत्तरे स्पष्ट, न अडखळता मिळाली तर भाडे खुशाल द्यावे.

बसवून घेण्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. उत्तम आसनही सैल बसवलेले असेल, तर त्याचा उपयोग पुष्कळ कमी होतो, आणि अशा चुका सुशिक्षित घरांतही सर्रास होतात. रुग्णालयातील परिचारिका आसन बसवून देणार नाहीत, हे कन्येला आधीच सांगण्यात आले होते. म्हणून नववा महिना लागताच जावई मोटार घेऊन आसन बसवून देणाऱ्या केंद्रावर गेले व तेथे स्वतः दोनदा काढून-बसवून शिकले. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. ती उघडताना मागे तोंड असलेल्या आसनावर जोरात आदळते, म्हणून कॅप्सूल तिच्यासमोर कदापि ठेवायची नाही, हेही त्यांना तिथे बजावण्यात आले.

आजी-आजोबांनी शिकण्याजोगे

बाळ जुलैत आले, दोन किलो चारशे ग्रॅमचे. मेलबर्नला तेव्हा कडाक्याची थंडी असते. मी बरोबर नेलेली कुंची, दुपटी आणि लोकरीचे मोजे पाहून कन्या म्हणाली, "आई, कॅप्सूलमध्ये बसवताना गुंडाळायचं नाही." ते योग्यच होते. जाड कपड्यांवरून पट्टे आवळले, तर ते घट्ट वाटतात. पण धक्क्यात कापड दबते आणि पट्टे सैल पडतात. शिवाय दुपट्यात पाय बांधलेले असतील, तर दोन पायांमधून येणारा पट्टा लावताच येत नाही. त्यामुळे पाय मोकळे राहतील असा अंगासरशी कपडा घालावा, पट्टे पीळ न पडता लावावेत, खांदा आणि पट्टा यांत एक-दोन बोटेच जातील इतके ते आवळावेत आणि मग वरून शाल पांघरावी. तोंडावर काहीही नको. मोटार उबदार झाली की शाल काढावी.

ज्या वयात बोटांचे सांधे आखडतात, त्या वयात ते लाल बटण दाबणे जड जाते. मी आणि यजमानांनी बाळ येण्यापूर्वीच अडीच किलो तांदळाची पिशवी कॅप्सूलमध्ये ठेवून सराव केला. पहिल्या दिवशी मला बटण दाबायला दोन्ही अंगठे लागले. चौथ्या दिवशी एका हाताने जमले. रडणाऱ्या बाळासमोर, पावसात, मागे मोटारींची रांग लागलेली असताना शिकण्यापेक्षा तांदळाबरोबर शिकलेले बरे.

आसनाचे वजनही विचारात घ्यावे. कॅप्सूल आणि बाळ मिळून आठ-नऊ किलो सहज भरतात आणि ते सगळे वजन एका हाताला, शरीराच्या एका बाजूला लटकते. कंबरदुखी, हाडांचा ठिसूळपणा किंवा मनगटाचे दुखणे असलेल्या आजी-आजोबांनी ती मूठ धरून चालू नये. सिझेरियन झालेल्या आईलाही पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असेच सांगितले जाते. अशा वेळी कॅप्सूल मोटारीतच राहू द्यावी आणि फक्त बाळाला छातीशी धरून काढावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॅप्सूल प्रवासासाठी आहे; ती पाळणा नव्हे. बाळ त्यात गाढ झोपते, आणि ते मोडू नये म्हणून घरी आल्यावरही आपण त्याला तसेच ठेवतो. लहान बाळाचे डोके अशा अर्धवट बसलेल्या स्थितीत पुढे झुकून हनुवटी छातीला टेकू शकते. त्याची श्वासनलिका अरुंद व मऊ असल्याने श्वास अडू शकतो. आणि हे आवाज न होता घडते. म्हणून मुक्कामी पोहोचताच बाळाला बाहेर काढून सपाट, टणक जागी, पाठीवर झोपवावे. झोप मोडली तर मोडू द्यावी. लांबच्या प्रवासात अधूनमधून थांबावे. पहिल्या आठवड्यांत तर प्रवास शक्य तितका छोटाच ठेवावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत घरी निघण्यापूर्वी रुग्णालयातील डॉक्टरांना या आसनाविषयी स्वतंत्र विचारावे. बाळ शेजारी झोपलेले असताना मागच्या सीटवर बसून त्याच्या श्वासाकडे आणि मानेकडे लक्ष ठेवणे, हे आजीचे खरे काम. मी ते सहा आठवडे केले. माझी मांडी रिकामी होती, पण डोळ्यांना उसंत नव्हती.

आपल्याकडे काय?

हा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजून पान उलटू नये. आपल्याकडेही २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ही तरतूद फारशी कुणाच्या कानी नाही आणि पहिल्या प्रवासात बाळ अजूनही मांडीवरच असते. रस्ते मात्र एस.टी.च्या काळातले राहिलेले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारी ताशी शंभर किलोमीटरने धावतात. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पन्नासाच्या जागी शंभर झाले की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो.

यंदा जानेवारीत कन्या बाळाला घेऊन तीन आठवड्यांसाठी आली, तेव्हा मुंबई विमानतळ ते सातारा हा अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आमच्यापुढे होता. तीन आठवड्यांसाठी आसन विकत घेण्यात अर्थ नव्हता. मोठ्या शहरांत आता बाळांचे साहित्य भाड्याने मिळते. आम्ही पुण्याहून तेरा किलोंपर्यंत चालणारे, मागे तोंड असलेले, मोटारीच्या पट्ट्याने बसवता येणारे आसन आणले. प्रश्न तेच विचारले. यजमानांनी आदल्या दिवशी आमच्या मोटारीत ते बसवून, हलवून पाहिले आणि मगच आम्ही विमानतळावर गेलो. वाटेत तीनदा थांबलो. बाळ पहिली वीस मिनिटे रडले, मग लोणावळ्यापर्यंत झोपले.

साताऱ्यात दारात मोटार थांबली, तेव्हा सासूबाई ओवाळणीचे तबक घेऊन उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून झाल्यावर त्यांनी आत वाकून ते आसन नीट न्याहाळले, पट्टा ओढून पाहिला आणि विचारले, "हे परत द्यायचं आहे ना? मग डाग पाडू नका." त्यानंतर त्या ओसरीवर बसल्या आणि पणतवंडाला त्यांनी मांडीवर घेतले. घर न हालणारे असते. तेथे मांडीसारखी दुसरी जागा नाही.